आठव्या ठोक्याचा श्वास

कोरसमध्ये गाणाऱ्यांना श्वास घ्यायला जागा नसते, ती चोरावी लागते. सोळा ठोक्यांचा लांब सूर असला आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तर सुराला भोक पडतं आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू येतं. म्हणून शेजारशेजारच्या दोघींनी आपसात ठरवून घ्यायचं असतं. तू सूर धर, मी श्वास घेते. मग मी धरते, तू घे. तोही शब्द संपल्यावर नाही, शब्दाच्या पोटात, कुणाच्या ध्यानीमनी नसेल अशा ठिकाणी घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, काय दम आहे या लोकांचा! दम कसला डोंबलाचा, नुसती वाटणी असते.

त्या नाट्यगृहाच्या कोरसमध्ये दोन सख्ख्या बहिणी बावीस वर्षं एकमेकींना खेटून उभ्या होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली आठव्या ठोक्याला श्वास घ्यायची, धाकटी बाराव्याला. हे थोरलीनेच ठरवून दिलं होतं, कारण त्या दोघींमधलं सगळं थोरलीच ठरवायची. आवाज इतके सारखे की फोनवर त्यांच्या आईलासुद्धा विचारावं लागे, कोण बोलतेयस गं तू.

धाकटी लहानपणी छातीने अधू होती. एक जिना चढली की धापा टाकायची. थोरलीने तिला जमिनीवर उताणी निजवली आणि पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला. "कोश वर गेला पाहिजे. खांदे हलले तर पुन्हा पहिल्यापासून." दातांच्या फटीतून बारीक 'स्स' सोडत राहायचं आणि घड्याळाकडे बघायचं, आधी दहा सेकंद, मग वीस, मग चाळीस. जांभई येताना उघडतो तसा घसा उघडा ठेवायचा, जबडा सैल सोडायचा. थोरली तिच्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून बसायची आणि म्हणायची, "माझे हात बाहेर ढकल. छाती फुगवू नकोस, कोंबडा आहेस का?" दोन वर्षांत धाकटीची धाप गेली. पुढे थोरलीने तिला कोरसमध्ये चिकटवून घेतलं.

हे सगळं तिने मायेनेच केलं, त्यात शंका नाही. पण केल्याचं ती कधी विसरली नाही आणि कुणाला विसरूही दिलं नाही. "हिचा श्वास म्हणजे माझी कमाई," असं ती कपडेपटातल्या बाईला सांगायची, नव्या पोरींना सांगायची, कुणी विचारो न विचारो. "अजूनही बाराव्याला मीच सांभाळून घेते हिला." धाकटी त्या वेळी पाणी प्यायची, नाहीतर पायातला बूट नीट करत बसायची.

होता होता थोरलीचा निवृत्तीआधीचा शेवटचा हंगाम उजाडला. बावीस वर्षांत तिने मोलकरीण, जोगीण, राजवाड्यातली दासी, दंगलीतली बाई, सगळं केलं होतं, पण नेहमी चाळीस जणांत. एकदा, फक्त एकदाच, त्या मंचावर आपला एकटीचा आवाज लोकांनी ऐकावा आणि कार्यपत्रिकेत आपलं नाव भूमिकेसमोर छापून यावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. आणि छडीमास्तरांनी ती पुरी केली. हे वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभे राहणारे गृहस्थ, माणूस कडक पण मनाने बरा. नव्या ऑपेरात एक आई होती. मुलाला शिक्षा होते आणि ती भरचौकात उभी राहून चार ओळी गाते. शेवटची ओळ सोळा ठोक्यांची, एका दमात, मागे वाद्यं जवळजवळ गप्प. "बाई, ही तुमची," मास्तर म्हणाले. थोरली घरी जाऊन रडली.

घरी ओळ बिनचूक यायची. नवरा घड्याळ घेऊन बसायचा आणि सोळा झाले की म्हणायचा, "झालं की. आता जेवू या का?" महिनाभर त्या घरात दुसरा विषय नव्हता.

पहिल्या तालमीला ती चौकाच्या मधोमध उभी राहिली. भोवती कोरसचा जमाव, धाकटी उजव्या खांद्याशी. तीन ओळी सुरेख झाल्या. चौथी सुरू झाली आणि आठव्या ठोक्याला, शब्दाच्या ऐन पोटात, थोरलीने श्वास घेतला.

तो तिने घेतला नाही, तिच्या अंगाने घेतला. सुराला भोक पडलं. मास्तरांनी छडी खाली केली. "पुन्हा." पुन्हा तेच. मास्तरांनी धाकटीला जमावाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं, तर आणखीच बिघडलं. आता थोरली आठव्याला श्वास घ्यायची आणि वर क्षणभर थांबायचीही, शेजारून आवाज येण्याची वाट बघत. बावीस वर्षं त्या जागी कुणीतरी सूर धरलेला असायचा. आता तिथे कुणीच नव्हतं, हे डोक्याला कळत होतं, बरगड्यांना कळत नव्हतं.

तीन तालमी अशाच गेल्या. चौथीला मास्तर म्हणाले, "तुमचा दम कमी नाही हो, तुमचं अंग ऐकत नाहीये. धाकट्या बाई, तुम्ही म्हणून दाखवता का एकदा? यांना जरा अंदाज येईल."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान हलवली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं, कारण ही बाराव्याला तुटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान दोघी मिळून तुटू, असा तो हिशेब होता.

धाकटी आठव्याला तुटली नाही, बाराव्यालाही नाही. सोळा झाले तरी मास्तरांची छडी खाली यायची विसरली, म्हणून ती अठरापर्यंत गेली आणि संपवून नेहमीसारखी उभी राहिली. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

तालीम सुटल्यावर थोरलीने तिला कपडेपटाबाहेरच्या बोळात गाठलं.

"बाराव्याला घेतला नाहीस."

"मी बाराव्याला कधी घेतच नव्हते, ताई. लागायचाच नाही."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासूनच." धाकटी खाली बघत होती. "तुला वाटायचं, तू मला धरतेयस. तुला बरं वाटायचं ना, म्हणून नाही बोलले."

यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर थोरलीला चाललं असतं. बावीस वर्षं ती जे चारचौघांत मिरवत आली, ते धाकटीने दया म्हणून चालवून घेतलं होतं.

भूमिका धाकटीकडे गेली. "मी नाही म्हणू का? तू सांग," असं ती दोनदा म्हणाली. "छे गं, वेडी का तू," असं थोरली दोनदा म्हणाली. नाही म्हण, हे दोन शब्द तिच्या जिभेवर होते, पण ते उच्चारण्याइतका कमीपणा तिला घेववेना. कार्यपत्रिका छापून आली. धाकटीचं नाव आईच्या भूमिकेसमोर आणि थोरलीचं मागच्या पानावर, कोरसच्या बारीक अक्षरांत.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी धाकटी रंगपटात आरशासमोर उभी होती. तिने थोरलीचे दोन्ही हात धरून आपल्या बरगड्यांवर ठेवले. "ताई, बघ ना, नीट जातोय का?"

नीट जात होता. भरपूर, शांत, पार कमरेपर्यंत. तळव्यांखाली तो फुगताना थोरलीला असूया वाटली, साधी, उघडी असूया. ती म्हणाली, "छान आहे. फक्त आठव्याला जप हं. तिथे एक खड्डा आहे. लागलाच तर घे श्वास, घाबरू नकोस."

वरून काळजीचंच बोलणं. पण जिना उतरणाऱ्याला आता कुठला पाय टाकतोस असं विचारलं की तो अडखळतो, तसं गाणाऱ्याच्या श्वासाचं असतं. थोरलीला हे ठाऊक होतं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. आरशात धाकटीच्या भुवया जवळ आल्या आणि तिने ओठांतल्या ओठांत आठपर्यंत मोजलं.

चौकाचा प्रवेश आला. धाकटी पुढे, थोरली तिच्या मागे दोन हातांवर, डोक्याला रुमाल बांधून, जमावात. कोरस या जागी गप्प असतो. तीन ओळी झाल्या, चौथी लागली. थोरली मोजत होती. पाच, सहा, सात. समोरचे खांदे वर उचलले गेले. शब्दकोशाच्या दिवसांनंतर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा धाकटीचे खांदे हलले. आठ.

सूर तुटला, पण भोक पडलं नाही, कारण तिथे आवाज होता. तोच सूर, तोच शब्द, अर्ध्यातून उचललेला. थोरलीचं तोंड उघडं होतं. शेजारणीने दचकून पाहिलं तेव्हा तिला उमगलं की गातोय ते आपणच. नवव्या ठोक्याला धाकटीचा आवाज परत आला आणि थोरली त्याच्याखालून हळूच निघून गेली, इतकी वर्षं आठव्याला धाकटी तिच्यासाठी करत आली होती तसं. तिने हे ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं ते उलटंच.

पडदा पडला तेव्हा प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मास्तर आत येऊन धाकटीला म्हणाले, "एवढा लांब, अखंड सूर या नाट्यगृहात कुणी ऐकला नसेल." त्यांना कळलं नव्हतं. खुद्द त्यांच्या कानांना कळलं नव्हतं. थोरलीचा एकटीचा आवाज त्या मंचावर ऐकू गेला होता, पुरता एक ठोका, आणि तो धाकटीच्या नावावर जमा झाला होता.

रंगपटात दोघीच उरल्या. धाकटी आरशासमोर बसून होती, चेहऱ्याचा रंग अजून तसाच.

"ताई, मला कधी असं झालं नव्हतं. आता तो आठवा ठोका डोक्यातून जातच नाहीये." आरशातूनच थोरलीकडे बघत ती म्हणाली, "उद्या येशील ना तिथे?"

तिथे खड्डाबिड्डा काही नाही, तुला माझी गरज नाही, मी मुद्दाम बोलले, हे एक वाक्य पुरलं असतं. हंगामात अजून सत्तावीस प्रयोग होते. त्यानंतर थोरली घरी बसणार होती आणि धाकटी इथेच गाणार होती.

"येईन की," थोरली म्हणाली, आणि धाकटीच्या पोशाखाचे पाठीवरचे हुक एकेक करून काढू लागली.