बिस्किट शेवटी

"ही खळ झाली," बाबा म्हणाले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "भिंतीला पोस्टरं चिकटव हिने. वाऱ्याने पडायची नाहीत."

ग्लासात थंड दूध, व्हॅनिला आइस्क्रीम आणि चॉकलेटचे तुकडे घातलेल्या कुकीज होत्या. रोजचाच मिल्कशेक. फक्त फोनवर बोलता बोलता माझा मिक्सर जरा जास्त फिरला होता.

"जरासं जास्त फिरलं असेल."

"जरासं! भट्टीत जरासं जास्त झालं की अख्खा पट्टा काळा होऊन बाहेर यायचा. तेव्हा मी असं म्हटलं असतं तर?"

"ही भट्टी नाही. स्वयंपाकघर आहे."

"म्हणूनच ही दशा आहे."

बाबांनी सगळी नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर काढली. कारखान्यात त्यांना मास्तर म्हणत. पट्ट्यावरून आलेलं बिस्किट ते खात नसत. कानाजवळ धरून मोडत. कट् असा कोरडा आवाज आला तर ठीक, नाही तर खालच्या माणसांची त्या दिवशी खैर नसे. घरी आम्हा भावंडांना चहात बिस्किट बुडवायला बंदी होती. "माणूस दिवसभर घाम गाळून त्यातली ओल काढतो आणि तुम्ही ती दोन मिनिटांत परत घालता," असं ते म्हणायचे आणि खरोखर अपमान झाल्यासारखं तोंड करायचे.

असा माणूस म्हातारपणी दातांना मुकला. कवळी करून आणली, ती हिरड्यांना बोचते म्हणून वाटीत पडून राहिली. वजन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी घट्ट, पौष्टिक, पिता येईल असं द्या. मी त्यांच्या आवडीच्या वस्तूपासून सुरुवात केली. म्हणजे ज्यांनी जन्मभर बिस्किट भिजू दिलं नाही, त्यांना आता ते दुधात विरघळवून प्यायचं होतं. या अपमानाचा सूड उगवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ परगावी होता. राहता राहिले मी.

मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दुसऱ्याच्या चुका काढायचा हिला पगार मिळतो. मी फुकट काढतो."

दुपारची झोप झाली की ते फ्रिजशेजारच्या स्टुलावर येऊन बसत आणि देखरेख सुरू होई. दूध इतकं गार हवं की कडेला बर्फाची पापडी धरलेली असावी. आधी दूध आणि आइस्क्रीम फिरवायचं. बिस्किट शेवटी. ते घातल्यावर बटण नुसतं दाबायचं आणि सोडायचं, की चुरा जिभेला लागला पाहिजे. कुकी हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "आमच्याकडे असली वेडीवाकडी निघाली की बाजूला काढायचो. आता त्यालाच नाव देऊन विकतात." तरीही डब्यातली प्रत्येक कुकी ते स्वतः कानाशी मोडून मग मला देत. जिचा आवाज पटला नाही ती माझ्या बशीत टाकत. "ही तू खा. तुला काय, चालतं सगळं."

मिठावरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी कुठेतरी वाचलं होतं की चिमूटभर मीठ घातलं की चॉकलेटची चव उठून येते. नुसती मिठाची बरणी उघडली तर बाबा स्टुलावरून उठले.

"मीठ मळतानाच पडलेलं असतं. पीठ मळणाऱ्याने मोजून घातलेलं. तू वरून घालणार म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही."

"चव बघायला काय हरकत आहे?"

"तुझ्या पुस्तकात मी येऊन शाई ओततो का?"

दुसऱ्या दिवशी ते डबा उघडत असताना मी त्यांच्याकडे पाठ करून मिक्सरच्या भांड्यात चिमूटभर मीठ टाकलं. निव्वळ खुन्नस म्हणून. त्यांचं तोंड वाकडं होईल, मग मी सांगेन, असा बेत होता. बाबांनी घोट घेतला, टाळूवर चुरा दाबून ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आज जमलं. मी सांगतो तसं केलं की जमतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी बोलले नाही. मला एकदम उमगलं की माझ्या हातात हुकमाचा एक्का आलाय. तेव्हापासून मी रोज मीठ घालत होते आणि ते रोज म्हणत होते, जमलं. एक दिवस एखादं मोठं भांडण होईल, ते मला कशातच काही कळत नाही म्हणतील, आणि तेव्हा मी हे पान टाकणार होते. त्यांचा चेहरा कसा होईल हे मी भांडी घासताना मनात रंगवत असे. पुष्कळदा त्या एका विचारावर माझा दिवस बरा जाई.

खळीच्या दिवशी मी ते जवळजवळ टाकलंच होतं.

"पस्तिशी उलटली आणि दुधात बिस्किट फिरवता येत नाही," बाबा म्हणाले. ग्लास उचलून त्यांनी सरळ सिंकमध्ये ओतला. "शिकवून काही होत नाही. ती उपजतच असावी लागते, अक्कल."

शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण मिल्कशेक खरोखरच बिघडला होता. अशा दिवशी एक्का टाकला तर फुकट जाईल, असा मी हिशेब केला.

"उद्या तुमचा तुम्ही करा," मी म्हणाले.

"करीन. आणि तुला देणार नाही."

पुस्तकांत माणसं जाण्याच्या आदल्या दिवशी काहीतरी बोलून ठेवतात, निदान खिडकीबाहेर तरी बघतात. बाबांनी संध्याकाळी पंखा बंद कर म्हटलं, मी केला. सकाळी ते खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा वर्तमानपत्र मांडीवर होतं आणि ते गेलेले होते.

भाऊ दुपारपर्यंत पोचला. तो औषधांच्या कंपनीत विक्री बघतो. गोड बोलण्याचा त्याला पगार मिळतो. आल्यापासून भेटायला येणाऱ्यांशी तोच बोलत होता. मी आतून खुर्च्या आणून देत होते.

"बाबांचे शेवटचे दिवस फार आनंदात गेले," तो सांगत होता. "ताई रोज त्यांना मायेनं मिल्कशेक करून द्यायची. दोघं हसतखेळत प्यायचे. अगदी लहान मुलासारखे झाले होते बाबा. इतके गोड."

वरच्या मजल्यावरच्या काकू तिथेच बसल्या होत्या. त्यांची खिडकी बरोबर आमच्या स्वयंपाकघरावर आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, आवाज यायचा," त्या म्हणाल्या.

"कसला?" भावाने विचारलं.

"मिक्सरचा," काकू म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

पुढचे काही दिवस तेच चाललं. जो येई त्याला हा नवा म्हातारा ऐकायला मिळे: शांत, समाधानी, दुधाच्या मिशा आलेला. प्रत्येक वेळी तो जरा जास्त गोड होत होता. मला त्या माणसाची ओळखच पटत नव्हती. माझा माणूस दोनदा गेल्यासारखं वाटत होतं, आणि दुसऱ्यांदा त्याला माझा भाऊ घालवत होता.

भावाच्या निघण्याच्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच राहिलो. तो बॅग भरून स्वयंपाकघरात आला.

"ताई, एक विचारू? काकू म्हणाल्या, आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं."

"काकूंना रोजचं विचारायचंस."

"एक दिवस तरी त्यांच्याशी धड बोलायचंस गं."

"त्यांना चाललं नसतं."

"माझ्याशी बोलायचे की नीट."

"फोनवर. फोनवर सगळेच नीट बोलतात. आठवड्यातून एकदा."

"म्हणजे मी नव्हतो म्हणून तू त्यांना छळायचीस?"

"त्यांनीही मला छळलं. काही कसर ठेवली नाही."

"म्हातारे होते ते!"

"म्हातारे होते, बिचारे नव्हते," मी म्हणाले. "तू त्यांना बिचारं करून टाकलंयस. येईल त्याच्यापुढे. गोड म्हणे! कधी होते रे ते गोड? तू सायकलवरून पडलास तेव्हा काय म्हणाले होते, आठवतं का?"

तो मग नाइलाजाने म्हणाला, "सायकलला लागलं नाही ना?"

"हां. ते बाबा."

त्याला हसू आलं होतं, पण माझ्यापुढे हसायचं नव्हतं. त्याने फ्रिज उघडला, दूध काढलं, आइस्क्रीम काढलं. "जायच्या आधी मला तो शेक प्यायचाय. तुझी मदत नकोय." त्याने मिक्सरच्या भांड्यात दूध ओतलं आणि डब्यातल्या कुकीज मूठभर उचलल्या.

"बिस्किट शेवटी!"

आम्ही दोघंही दचकलो. आवाज माझा होता. ओरडणं माझं नव्हतं.

मी त्याच्या हातातून कुकीज घेतल्या. एक कानाजवळ धरून मोडली. काहीच ऐकू आलं नाही. ती नुसती वाकली आणि दोन तुकडे झाले. सादळली होती.

"डबा उघडा कोणी ठेवला?"

"एवढी माणसं येऊन गेली, कोणीतरी ठेवला असेल."

"तू काढून देत होतास सगळ्यांना. झाकण लावायला काय हात झिजतात?"

"बिस्किटांवरून भांडतेस? आज?"

"आज तर नक्कीच."

मी ओव्हन मंद तापवला आणि कुकीज ताटलीत पसरून आत ठेवल्या. तो चिडून फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसला.

"तिथे बसू नकोस."

"स्टूल आहे ताई. सिंहासन नाही."

पण तो उठला, आणि ओट्याला टेकून उभा राहिला. आम्ही दोघं ओव्हनच्या काचेकडे बघत राहिलो. बाहेर काढल्यावर त्याने लगेच हात घातला.

"थांब. गरम असताना मऊच लागतात. निवल्यावर कळतं."

"सगळं त्यांच्यासारखंच करतेस तू," तो म्हणाला. हे त्याने कौतुकाने म्हटलं नव्हतं.

कुकीज गार झाल्या. मी एक मोडली. कट्. दुसरी मोडली. कट्.

"हा आवाज," भाऊ म्हणाला. "फोनवर ऐकवायचे मला. रिसीव्हरजवळ धरून मोडत असणार. मला वाटायचं लाइन खराब आहे."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दूध आणि आइस्क्रीम फिरवून घेतलं. तो बोलतच राहिला. जरा मोकळा झाला होता, म्हणून अधिकच बोचरा झाला.

"तुझ्याबद्दलही सांगायचे, बरं का. म्हणायचे, तिला दुधात मीठ घालायची खोड होती. मी मोडली. तेव्हापासून बघ कसा जमतो." तो हसला. "एवढ्यात तरी बाबा जिंकले म्हणायचे तुझ्यापुढे."

माझा हात मिठाच्या बरणीवर होता. मी झाकण काढलं, त्याच्या देखत चिमूटभर मीठ घेतलं आणि भांड्यात सोडलं.

"अगं, काय करतेस? मीठ!"

मी कुकीज हाताने मोडून टाकल्या, बटण दाबलं आणि सोडलं. दाबलं आणि सोडलं. मग शेक दोन ग्लासांत ओतला. एक भावापुढे सरकवला. त्याने माझ्याकडे संशयाने बघत घोट घेतला. घोट गिळेना, टाळूवर धरून उभा राहिला, डोळे मिटून, अगदी त्यांच्यासारखा. जमला होता.

दुसरा ग्लास मी फ्रिजशेजारी नेला आणि स्टुलावर ठेवला. त्यात काही भक्तिभाव नव्हता. भांडताना समोरच्यापुढे आपण पुरावा ठेवतो, तसा ठेवला.

"मीठ घालत होते मी, बाबा," मी म्हणाले. आवाज मोठा होता. वरच्या काकूंनीही ऐकला असेल. "रोज. तुम्ही डबा उघडायचात, तेव्हा तुमच्या पाठीमागे. आणि रोज तुम्ही म्हणालात, जमलं. माझ्या मिठाने जमत होतं ते, तुमच्या भट्टीने नाही. बोला. बोला ना आता."