माझा उजवा हात, वेन्याच्या विरोधात

ओडेसात त्या आठवड्यात लेखकांच्या तब्येती एकदम ढासळल्या. लेखक संघाच्या सभेची नोटीस लागली होती, विषय एकच: वेनियामिन ग्राखची हकालपट्टी. नोटीस वाचता वाचताच लोक छातीवर हात ठेवायला लागले.

वेनियामिन म्हणजे वेन्या, माझा शाळेपासूनचा दोस्त, मला अजून न्योमा म्हणणारा. त्यानं कादंबरी लिहिली, इथे कुणी छापेना, ती परदेशात छापून आली. झालं! देशद्रोही! संघातून काढलं की पुस्तकं बंद, काम बंद. मग काम करत नाही म्हणून ऐतखाऊ ठरवून तुरुंगात टाकायला हे मोकळे. मी विनोदी लेख लिहून पोट भरणारा माणूस, शूर वगैरे अजिबात नाही. पण वेन्याच्या विरोधात हात वर करायचा? मेलो तरी नाही. मरणं जरा जास्तच झालं असतं, म्हणून मी आजारी पडायचं ठरवलं.

"उशीर केलात, नाऊम लव्होविच!" डॉक्टर रोझालिया इसाकोव्ना खेकसल्या. "हृदयं संपली, अल्सर संपले, मूतखडे तर कवींनी सकाळीच नेले. आतलं काही शिल्लक नाही. हाड देऊ?"

"कुठलं?"

"खांदा."

त्यांनी उजव्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टर चढवलं आणि कमरेला लोखंडी चौकट आवळून हात तिच्यावर पट्ट्यांनी बांधला. चांगला डोक्याच्या वर!

"अहो, हे काय?"

"मोडका खांदा असाच बांधतात. उद्या तपासणीला कुणी आलं तर काय दाखवू, गळ्यात बांधलेला रुमाल?"

वॉर्डात नुसती चंगळ होती. अल्सरवाला कादंबरीकार सुरीनं सॉसेज कापून खात होता आणि हृदयवाला नाटककार डॉमिनोत हरला की बोंबलत होता. इतकं सुरेख आजारपण मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी सकाळी संघाचे सचिव कल्चेंको आत आले, खांद्यावर दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांना देतात तो पांढरा कोट, मागे टायपिस्ट.

"कॉम्रेड, तुम्हाला सभेला येता येत नाही ना? मग सभाच आली! उठू नका, झोपूनही मत देता येतं."

अल्सरवाल्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. कल्चेंकोंनी ठराव वाचला आणि विचारलं, "बाजूने कोण?"

नाटककारानं छताकडे बघत हात वर केला. मग अल्सरनं. मग सगळ्या मूतखड्यांनी.

"आणि नाऊम लव्होविच तर सगळ्यांच्या आधी!" कल्चेंको खूश झाले. "शाब्बास! दुखणं असूनसुद्धा!"

"अहो, हे प्लास्टर आहे..."

"फारच विनयशील बुवा. लिहा बाई, एकमताने."

तेवढ्यात दार उघडलं. जाळीच्या पिशवीत बरणी घेऊन वेन्या उभा.

"अरे, सगळेच एकदम आजारी? साथ आली की काय? मी तर घाबरलोच."

हात तसेच वर राहिले. वेन्यानं ते एकेक करून पाहिले, कल्चेंकोंच्या हातातला कागद पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. माझी शरमेनं मान खाली गेली. हात मात्र वरच!

तो सरळ माझ्या खाटेशी आला आणि त्यानं बरणी ठेवली. "रास्पबेरीचा मुरंबा. चहात घालून घे." मग हळूच म्हणाला, "फार दुखतंय का रे, न्योमा?"

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी डाव्या हातानं अल्सरवाल्याची सॉसेजची सुरी ओढली आणि पट्ट्या कापायला लागलो.

"अहो, खांदा मोडेल!" कल्चेंको ओरडले.

"मोडलेलाच आहे. माझं नाव खोडा. मी विरोधात."

शेवटची पट्टी तुटली, चौकट खणकन खाली पडली. आणि हात? मेला वरच! इतके दिवस बांधून लाकूड झालेला, हलेचना.

"बघा," कल्चेंको हसले, "हातालाच पटत नाहीये." सगळा वॉर्ड सुटल्यासारखा हसला. टायपिस्टनं काहीच खोडलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "वेन्या, खाली घे रे हा."

"गाढवा, तुलाही काढतील."

"काढू देत. तू घे खाली."

त्यानं दोन्ही हातांनी माझं कोपर धरलं. मी आईच्या नावानं ओरडलो, इतकं दुखलं. वॉर्डातलं हसणं थांबलं. बाकीचे हात अजून वरच होते, आणि वेन्या माझा हात सावकाश, जपून खाली आणत होता.