शेजारच्या सीटवरचं पोतं

माझ्या नवऱ्याने माझ्या जागी वाळूचं पोतं बसवलं, हे सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. पण ते पोतं तिथे बसलं कसं हे नीट ऐकलंत, तर लक्षात येईल की त्यात एकही गोष्ट वेड्यासारखी नव्हती. माझा संताप त्याचाच आहे.

गाडी दोन सीटची, बुटकी, लाल. आत शिरताना आधी पाय घालायचे, मग कंबर, आणि अब्रू बाहेरच ठेवायची. रोज सकाळी ती आम्हा दोघांना कामावर नेते आणि महिन्यातल्या एका रविवारी नवरा तिला ट्रॅकवर पळवतो. तो लिफ्टची देखभाल करतो, मी चष्म्याच्या दुकानात आहे. घरी सासूबाई, भांडी, टीव्ही आणि त्याचा फोन. आम्ही दोघं बोलतो ते फक्त गाडीत. पहिल्या सिग्नलला मी सुरू करते आणि दुकानाच्या दारात संपवते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला ती सीट अजून हवीशी वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ट्रॅकवर नवऱ्याला दातांच्या डॉक्टरला हरवायचं होतं. डॉक्टरची गाडी हीच, रंगही हाच, पण तो दर फेरीला जरासा पुढे. झालं, मग गाडीत काय काय सुधारायचं हा एकच विषय. पहिल्यांदा मागे भलामोठा पंख आला.

"साहेब, हा पंख वेगात गाडीला खाली दाबून धरतो," मेकॅनिक म्हणाला. "तुमच्या गल्लीत त्याला काम काय?"

काम सासूबाईंनी दिलं. त्यावर टॉवेल फार छान वाळायचे. एका सकाळी नवरा तीन टॉवेलांसकट कामावर पोहोचला आणि त्या संध्याकाळी पंख निघाला.

मग मेकॅनिकने नियमच घालून दिला. जे ट्रॅकवर उपयोगी पडतं आणि भाजी आणताना त्रास देत नाही, तेवढंच घ्यायचं. त्याप्रमाणे चांगले टायर आले. ब्रेकचे पॅड बदलले, ऑइल बदललं. हा खर्च सार्थकी लागला हे मीही कबूल करते, कारण उतारावर माझा जीव आता टांगणीला लागत नाही. शेवटी खालीवर करता येणाऱ्या स्प्रिंगा आल्या. त्या लावताना मेकॅनिकने चारही चाकांखाली वजनकाटे सरकवले आणि आम्हा दोघांना आत बसवलं.

"रोज दोघं जाता ना? मग दोघांच्या वजनावरच सेटिंग करतो."

दुपारभर मी मांडीवर पर्स घेऊन बसून राहिले. "वहिनी, हलू नका. वहिनी, शिंक आली तर आधी सांगा." संध्याकाळी गाडी इतकी समतोल झाली की मेकॅनिक बाजूला जाऊन डोळे पुसून आला.

पुढच्या ट्रॅकच्या रविवारी नवरा एकटाच गेला. तो एकटाच जायचा, कारण मी शेजारी असले की बोलते आणि त्याची ब्रेक दाबायची वेळ चुकते. वळणावर गाडीने एक चाक वर उचललं, आणि मग प्रत्येक वळणावर उचलत राहिली. डॉक्टर तर सोडाच, डॉक्टरचा मेहुणाही पुढे गेला.

"साहेब, सेटिंग वहिनींसकट आहे," मेकॅनिक फोनवर म्हणाला. "वहिनी नसतील तर ती लंगडणारच."

"मग बदल."

"मी त्याला हात लावणार नाही. असं आयुष्यात एकदाच जमतं."

दुसरा कुणी असता तर त्याने दुसरा मेकॅनिक शोधला असता. पण आमचा पडला लिफ्टवाला. नव्या लिफ्टची चाचणी घेताना आत माणसं चढवत नाहीत, वजनं चढवतात. इतकी पोती म्हणजे इतकी माणसं, हा त्यांच्या धंद्यातला रोजचा हिशेब. त्याच्या मते माणसात आणि पोत्यात फरक एवढाच, की पोतं उगाच बटणं दाबत नाही.

प्रश्न माझ्या वजनाचा होता. ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. एके दिवशी तो लाडाने म्हणाला, "चल, तुला आमची नवी लिफ्ट दाखवतो." मी चांगले कपडे घातले, केस बांधले. त्याने मला लिफ्टच्या मधोमध उभं केलं, पर्स नीट धरायला सांगितली, आणि मोबाइल काढला. मी हसले. तो माझ्या डोक्यावरच्या पाटीवर उमटलेल्या वजनाच्या आकड्याचा फोटो काढत होता.

त्या आठवड्यात पोतं आलं. पट्टे आवळून, बेल्ट लावून, काट्यावर तोलून बसवलेलं. ते रोज काढायचं म्हणजे तासाभराचं काम, आणि पुन्हा नेमकं तिथेच बसेल याची खात्री नाही. म्हणून ते कामाच्या दिवशीही तिथेच राहिलं. मी बसने जाऊ लागले. स्टॉपवर उभी असताना समोरून गाडी जायची, तो आणि पोतं. बेल्टने पोतं घासतंय म्हणून सासूबाईंनी माझ्याच जुन्या निळ्या स्वेटरचा अभ्रा शिवून त्याला घातला.

"आई, माझा स्वेटर?"

"तुला तोकडा झाला होता. त्याला बघ कसा बसलाय."

शेजारच्या काकू रुसल्या. "काल सिग्नलला मी एवढा हात केला, तू ढुंकूनही पाहिलं नाहीस." मी म्हटलं, "ती मी नव्हते." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या शेजारची ती बाई कोण, याची चौकशी करायला घरी आल्या. मला हसू येत नव्हतं. बसमध्ये दांडी धरून उभी असताना दिवसभराचं सगळं मनात साचायचं आणि घरी आल्यावर ते सांगायची इच्छाच राहायची नाही. मला त्या पोत्याचा मत्सर वाटत होता. वाळूचा मत्सर! कुणाला सांगणार?

ट्रॅकच्या दिवशी सासूबाईंना मुलाचा पराक्रम पाहायचा होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर जाऊन कठड्यापाशी बसले. फेऱ्यांआधी प्रत्येक गाडी तपासतात. तपासनीस बाईंनी आमच्या गाडीत डोकं घातलं, स्वेटर चाचपला आणि पोतं खाली उतरवायला लावलं. आत सामान चालत नाही. हेल्मेट घातलेला माणूस चालतो.

नवरा कठड्यापाशी आला. "चल."

"कुठे?"

"गाडीत. त्यांनी पोतं काढलं."

"पोत्याचं काम मला येत नाही."

"अगं, डॉक्टर रांगेत उभा आहे!"

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "मी गेले असते, पण माझ्या वजनाने त्याचं सेटिंग बिघडेल."

मी हेल्मेट घातलं आणि आत शिरले. सीटला माझा आकार राहिला नव्हता, पोत्याचा खड्डा पडला होता.

"एकच कर," तो म्हणाला, "बोलू नकोस."

झेंडा पडला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. चारही चाकं जमिनीवर होती. मेकॅनिकने खरंच कमाल केली होती. डॉक्टरची लाल गाडी समोर दिसू लागली, मग तिचे दिवे, मग तिच्या मागच्या काचेवरचा दाताचा स्टिकर. नवरा दात ओठ खाऊन पुढे वाकला होता. इतके दिवस साचलेलं मला आवरेना.

"मला दुकानाची मॅनेजर केलंय," मी म्हटलं.

"काय? ऐकू येत नाहीये!"

"मॅनेजर केलंय मला! सगळं दुकान माझ्या हाताखाली आहे!"

"कधी?"

"पंधरा दिवस झाले!"

त्याचा पाय पेडलवरून निघाला. डॉक्टर वळण घेऊन दिसेनासा झाला. मागून मेहुणा आला, हॉर्न देत पुढे गेला. आमची गाडी भाजी आणायला निघाल्यासारखी चालू लागली.

"पंधरा दिवस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या शेजारी बसायला जागा नव्हती."

कडेला उभा माणूस आमच्याकडे बघून जोरजोरात झेंडा हलवत होता, लवकर चला, लवकर चला. डॉक्टर पूर्ण फेरी मारून मागून पुन्हा आला आणि जाताना त्याने मजेत हात केला. नवऱ्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने हेल्मेटची काच वर केली, गाडी आणखी हळू केली आणि माझ्याकडे मान वळवली.

"कुणी सांगितलं तुला? मालकांनी स्वतः?" तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."