चाचणीच्या सर्व्हरवर गेलेली खरी किल्ली

मित्रांनो, मी जुनी किल्ली आहे, पण मला गंज चढत नाही. मी लोखंडाची नाहीच मुळी. मी म्हणजे आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक गुप्त ओळ. नांदेडच्या एका छोट्या कंपनीत वसतिगृहांसाठी सॉफ्टवेअर बनायचं, तिथं मी कामाला होते. मी लागले तरच वसतिगृहाचा निरोप पालकांच्या मोबाइलवर जायचा. किनवटकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत मी सुट्ट्यांचे, सभांचे निरोप पोचवले. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

माझ्याच नावाची एक बनावट किल्ली चाचणीच्या सर्व्हरवर असायची. ती लावली की निरोप गेल्यासारखा दिसे, पण जात कुठंच नसे. प्रोग्राम बदलला की तो आपोआप आधी तिथं तपासला जाई आणि मगच खऱ्या सर्व्हरवर चढे. या साखळीला पाइपलाइन म्हणतात. दोन्हीकडच्या किल्ल्या वेगळ्याच राहतील, हा तिथल्या प्रमुख विशाखाताईंचा कडक नियम होता.

हरिओम त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. मुरुडचा, हुशार, पण भारी घाईचा. एका पाहुण्याला त्याच्या मोबाइलवर निरोप वाजवून दाखवायचा, म्हणून त्यानं मला चाचणीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवलं. म्हणतो कसा, "आमच्याकडं घराची किल्ली शेजाऱ्याकडंच असती. काय बिघडतं?" पाहुणा खूश होऊन गेला. मला काढायचं मात्र हरिओम विसरला. मी ओरडणार कशी? मला काय तोंड आहे?

दुपारी त्यानं प्रोग्रामची एक ओळ बदलली आणि पाइपलाइन सुरू झाली. चाचणीसाठी ठरलेला निरोप होता, "तुमच्या मुलीची तब्येत गंभीर आहे. ताबडतोब या." आणि चाचणीची यादी होती खऱ्याच पालकांच्या यादीची नक्कल. निरोप भराभर सुटले. माझा जीव नुसता कासावीस झाला.

किनवटच्या वसतिगृहातून गृहपाल मंजुश्री मॅडमचा फोन आला. "इथं फोनवर फोन येऊन राहिलेत. पोरी तर जेवून खेळायला गेल्यात. काय लावलंय हे तुम्ही?"

हरिओमचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, किल्लीच रद्द करून टाकतो."

"थांब," विशाखाताई म्हणाल्या. "ती रद्द केली तर निरोप खोटा होता हे कशानं कळवशील? आधी पाइपलाइन थांबव."

त्यानं ती थांबवली. मग ताईंनी माझ्याच जोरावर दुसरा निरोप धाडला, "मुली सुखरूप आहेत. आधीचा निरोप चुकीचा होता." त्यानंतर दोघं एकेका पालकाला फोन लावत बसले.

यादीत लुंबिनी नावाच्या मुलीपुढं तिच्या घरच्या शेजारणीचा नंबर होता. शेजारीण म्हणाली, "तिची माय धुरपताबाई तर गेली की. म्या निरोप वाचून दाखवला अन् कापूस टाकून तशीच पळाली. पायात चप्पल बी न्हाई."

आता तिला कोण गाठणार? मी फोनपर्यंत पोचते, वाटेवरच्या बाईपर्यंत नाही. मंजुश्री मॅडमनी लुंबिनीला फाटकाबाहेर उभं केलं, लांबूनच आईला दिसावी म्हणून. इकडं कार्यालयात कुणी चहालाही उठेना.

शेवटी मॅडमचा फोन आला. धुरपताबाई पोचल्या होत्या. मॅडमनी फोन त्यांच्या हाती दिला. हरिओम म्हणाला, "मावशी, चूक माझी हाय. माफ करा."

"पोरगी बरी हाय, झालं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पर बाबा, एक सांग. उद्या ती खरंच आजारी पडली अन् तुमचा निरोप आला, तर म्या पळू का नको?"



चाचणीत उघडी पडलेली किल्ली पुन्हा वापरणं धोक्याचं, म्हणून संध्याकाळी विशाखाताईंनी मला कायमचं रद्द केलं. चाचणीच्या यादीत बनावट नंबर घातले. वाईट वाटलं, पण त्यांनी केलं ते बरोबरच केलं.

मित्रांनो, पुढं तुमच्याही हाती अशी किल्ली येईल. कितीही घाई असो, खऱ्या किल्लीला चाचणीत नेऊ नका, एवढंच माझं विनवणं. माझ्या जागी लगेच नवी किल्ली आली. पालकसभा आहे, एवढाच तिचा पहिला निरोप होता. तरी तो ऐकल्यावर धुरपताबाईंनी शेजारणीला आधी वसतिगृहात फोन लावायला सांगितलं, आणि खरं-खोटं विचारून घेतलं.