तोपर्यंत त्रिकोण वापरावा

विज्ञान हा विषय नसून सामान आहे, असं माझं पहिल्यापासूनचं मत. आमच्या शाळेत गणित विभागाला एक खोली, एक कपाट आणि फळ्यावर वापरायचा एक मोडका लाकडी गुण्या. विज्ञान विभागाला तीन प्रयोगशाळा, एक तयारीची खोली, सहा बेसिनं, एक प्लॅस्टिकचा सांगाडा आणि त्या सांगाड्यावर धूळ बसू नये म्हणून खास शिवून घेतलेला झगा. एवढा लवाजमा असून दहावीच्या निकालात दरवर्षी ते आमच्या खाली. निकालाच्या दिवशी मी शिक्षकखोलीच्या फळ्यावर दोन्ही विषयांची टक्केवारी शेजारी शेजारी लिहीत असे. बोलत काही नसे, बोलायची गरजच पडत नसे.

गणिताची विभागप्रमुख मी, गेली एकोणीस वर्षं. विज्ञानाची विभागप्रमुख माझी धाकटी जाऊ. सतरा वर्षांपूर्वी ती नवी शिक्षिका म्हणून आली तेव्हा मला खालमानेची, नाकासमोर चालणारी मुलगी वाटली, म्हणून मीच तिला माझ्या दिरासाठी सुचवली. तीन वर्षांपूर्वी भिंग सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ती बसली. भिंग सर म्हणजे जुने विज्ञानप्रमुख. खिशात कायम भिंग, आणि त्यातून बघण्यासारखं आयुष्यात काही नाही, असा माणूस. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, दीर आणि धाकटी खालच्या. घरात शाळेचा विषय काढायचा नाही, हा नियम मी तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात घालून दिला. नियम मी घालायचे आणि ती पाळायची, अशी आमची वाटणी होती.

यंदा नवे मुख्याध्यापक आले. मूळचे भूगोलाचे, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना नकाशा म्हणतो. भूगोलाच्या माणसाला सगळं जग एका भिंतीवर मावतं असं वाटत असतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी ठरवलं की गणित आणि विज्ञान मिळून एकच विभाग करायचा आणि त्याला एकच प्रमुख नेमायचा.

"हे दोन विषय म्हणजे सख्खे भाऊ आहेत," ते सभेत म्हणाले.

"सावत्र," मी म्हटलं. सगळे समोरच्या कागदात बघायला लागले.

प्रमुखपदासाठी दोघीच होतो, मी आणि धाकटी. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन्ही विभागांच्या अकरा शिक्षकांसमोर आपापली योजना मांडायची, मग नकाशा काय ते ठरवणार. मला ते पद हवं होतं. उगाच शाळेच्या भल्याची भाषा करत नाही. दुसऱ्या कोणाला ते मिळालं असतं, तर निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना मला माझं वेळापत्रक सहीसाठी त्या बेसिन धुणाऱ्यांच्या टेबलावर न्यावं लागलं असतं. तेही माझ्याच जावेच्या. त्यापेक्षा मी राजीनामा दिला असता.

पण तशी वेळ येणार नव्हती, कारण माझ्या हातात त्रिकोण होता.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते. एक त्रिकोण काढायचा. वरच्या कोपऱ्यात 'अंतर' लिहायचं, खालच्या दोन कोपऱ्यांत 'वेग' आणि 'वेळ'. जे काढायचं असेल त्यावर बोट ठेवायचं. वेळ झाकली की अंतर वर आणि वेग खाली दिसतो, म्हणजे भागायचं. अंतर झाकलं की वेग आणि वेळ शेजारी दिसतात, म्हणजे गुणायचं. झालं! नववीतली घोडी, ओठावर मिसरूड फुटलेली, विज्ञानाच्या तासाला तान्ह्या मुलांशी खेळावं तसं बोटाने झाकाझाकी करतात. दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागायचं की राशी सुटी होते. त्याला एक ओळ लागते हो, एक! पण ओळ लिहायची म्हणजे डोकं लागतं, आणि विज्ञान विभागात ते बरणीत ठेवतात.

आलेखाचंही तेच. आमचे बिंदू रेषेवर पडतात, कारण पडलेच पाहिजेत. यांचे बिंदू सगळीकडे सांडलेले असतात आणि हे त्यांच्या मधून अंदाजाने एक रेघ ओढतात. माझ्या वर्गात कोणी असं केलं तर अर्धा गुण जातो. त्रिकोण दिसला तरी अर्धा जातो. तारीख नसलेली वही तर मी उघडतच नाही.

गुरुवारी संध्याकाळी पुतणी वर आली. धाकटीची ही एकुलती एक मुलगी, नववीत आहे, आणि माझ्याकडचं टेबल मोठं म्हणून अभ्यासाला माझ्याकडे बसते. मी सहज तिच्या वहीत डोकावले, तर तिथेही त्रिकोण.

"हे काय गं? माझ्या घरात, माझ्या टेबलावर?"

"विज्ञानाची वही आहे, काकू."

"म्हणून काय झालं? गणिताच्या रीतीने कर की."

"गणितात ते अजून शिकवलंच नाहीये. तुम्ही ते दुसऱ्या सत्रात घेता ना? आम्हाला विज्ञानात आत्ता लागतं."

"तुझ्या आईला सांग, लागतं तर नीट शिकवा म्हणावं."

"आई म्हणते, घरात शाळेचं बोलायचं नाही," असं म्हणून कार्टी पुन्हा बोट ठेवून उत्तर काढायला लागली. उत्तर बरोबर आलं, त्याचा मला जास्तच राग आला.

शनिवारची सभा पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होती. तिथे सगळ्यांना स्टुलावर बसावं लागतं, पाठ टेकायला काही नाही. ज्यांच्या विषयाला कणा नाही त्यांना हे चालत असेल. मी आत शिरले आणि बघते तर समोरच्या भिंतीवर, फळ्याच्या अगदी शेजारी, हातभर मोठा पुठ्ठ्याचा त्रिकोण. नुकताच नवा करून लावलेला, कडेला निळी पट्टी वगैरे. आंधळा मागतो एक डोळा, असं म्हणायची पाळी आली नाही. मला काही मागावंच लागलं नाही.

मी पहिली बोलले, आणि छान बोलले. योजना पाच मिनिटांत संपवली, कारण योजना म्हणजे माझा गेली एकोणीस वर्षं चालू असलेला क्रम, त्यात बदलण्यासारखं काय आहे? मग भिंतीवरून तो त्रिकोण काढून हातात घेतला. एकेक कोपरा बोटाने झाकून दाखवला. वेळ गेली, वेग गेला, अंतर गेलं. शेवटी अख्ख्या त्रिकोणावर पंजा ठेवून म्हटलं, "आणि सगळंच झाकलं की विज्ञान विभागाचा निकाल दिसतो."

माझे गणितवाले मोठ्याने हसले. रसायनशास्त्राचे सरसुद्धा हसले, स्वतःलाच हसतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. नकाशाने ओठ आवळून खिडकीबाहेर पाहिलं.

"माझा एकच प्रश्न आहे," मी धाकटीकडे बघून म्हणाले. "हे मुलांच्या माथी मारायची बुद्धी तुमच्या विभागात कोणाला झाली? कधी, आणि कशापायी?"

धाकटी उठली. तयारीच्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि लाल बांधणीची एक जुनी वही घेऊन परत आली. मधलं पान उघडून तिने ती माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, तुम्हीच वाचा," ती म्हणाली. शाळेत ती मला मॅडम म्हणते.

अक्षर भिंग सरांचं होतं, मुंगीएवढं. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. 'गणित विभागप्रमुख यांस विनंती. सूत्रातून हवी ती राशी सुटी करण्याचे प्रकरण आपल्याकडे नववीच्या दुसऱ्या सत्रात आहे. विज्ञानात ते पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यातच लागते. कृपया आधी घ्यावे.' त्याखाली लाल शाईत उत्तर: 'गणिताचा क्रम विज्ञानाच्या सोयीने ठरत नाही.' सही माझी.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच विनंती. लाल शाईत: 'क्रम ठरलेला आहे.' सही माझी.

तिसऱ्या वर्षी भिंग सरांनी जास्त लिहिलं होतं. मुलांना ती रीत येत नसल्यामुळे यंदा विज्ञानाच्या अकरा तासिका तेवढ्यातच गेल्या, विज्ञानाचे शेवटचे प्रकरण शिकवायचे राहून जाते, दहावीत तेच पाया म्हणून लागते आणि निकालात त्याचेच गुण जातात, असं सगळं. खाली लाल शाईत एकच शब्द: 'वाचले.' सही माझी, आणि तारीख नाही.

त्याच्याही खाली, त्याच मुंगीएवढ्या अक्षरात, त्यांनी आपल्या शिक्षकांसाठी सूचना लिहिली होती. 'गणित विभाग हे प्रकरण आधी घेईल तेव्हा घेईल. तोपर्यंत त्रिकोण वापरावा.'

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तीनही वेळा मी ते चालता चालता, दुसऱ्याच कोणाशी बोलत लिहिलं असणार. माझ्या एका हातात अजून तो पुठ्ठ्याचा त्रिकोण होता, आणि तो खाली ठेवायचं सुचेना.

"काय आहे त्यात?" नकाशाने विचारलं.

आता ही वाचून दाखवणार, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर वाचून दाखवलं असतं, दोनदा, आणि 'वाचले' या शब्दावर थांबून सगळ्यांकडे पाहिलं असतं.

"जुन्या नोंदी आहेत, सर," धाकटी म्हणाली. "विशेष काही नाही. आणि माझी वेगळी योजना नाही. प्रमुख म्हणून मॅडमच असाव्यात, असं मला वाटतं."

नकाशाने आनंदाने टाळी वाजवली. दोन जावांमध्ये पडायला लागलं नाही, याचा तो आनंद होता. पद मला मिळालं. माझे गणितवाले अभिनंदन करायला आले, आणि मी वही छातीशी धरून, परीक्षेत कॉपी सापडलेल्या मुलीसारखी, सगळ्यांना हं हं करत राहिले.

रविवारी सकाळी वही घेऊन मी खाली गेले. दीर आणि पुतणी बाहेर गेले होते. धाकटी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी खुर्ची ओढली आणि माझाच नियम मोडला.

"का नाही वाचून दाखवलंस?"

"चहा टाकू, ताई?"

"चहा नको. पद तुला मिळालं असतं."

"हो, मिळालं असतं." एका शेंगेतले दाणे तिने शांतपणे भांड्यात सोडले. "मग मी प्रमुख म्हणून तुम्हाला लिहून पाठवलं असतं, की ते प्रकरण पहिल्या सत्रात घ्या. तुम्ही खाली काय लिहिलं असतंत?"

आम्हा दोघींनाही तो शब्द माहीत होता.

"तीन वर्षांपूर्वी जिन्यात विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, घरात शाळा आणू नकोस. शाळेत विचारलं तर म्हणालात, लेखी दे. भिंग सरांनी तीनदा लेखी दिलं होतं. तेव्हा म्हटलं, हे व्हायचं असेल तर तुम्हीच प्रमुख व्हायला हव्यात, आणि तुम्हीच ही वही वाचायला हवी. सगळ्यांसमोर, पण मनात."

"आणि वही बाहेर काढायची पाळी मीच आणणार, हे तुला काय ठाऊक?"

"म्हणून तर त्रिकोण नवा करून लावला, ताई. तुम्ही तो भिंतीवरून काढल्याशिवाय आणि कोणी आणला हे विचारल्याशिवाय राहणार नव्हतात."

मला संताप आला. ज्या बाईला मी सतरा वर्षं खालमानेची समजत होते, तिने मान वर न करताच माझं गणित मांडून ठेवलं होतं, पायऱ्यांसकट, आणि उत्तर अचूक आलं होतं. त्या संतापाच्या खाली लाज होती, आणि ती संतापापेक्षा कितीतरी जास्त होती. दर निकालाला मी फळ्यावर दोन आकडे लिहीत होते. त्यांच्यातलं अंतर म्हणजे त्या अकरा तासिका, आणि त्या मीच खाल्ल्या होत्या. हसलेही मीच. माझ्याइतका हलका माणूस त्या शिक्षकखोलीत दुसरा कोणी नव्हता.

हे तिला सांगावं, माफी मागावी, असं मनात आलं. पण ती सवय नाही मला, तोंड उघडलं तर काहीतरी खवचटच बाहेर पडलं असतं.

"पेन दे," मी म्हणाले.

तिने हात पुसून फळीवरचं पेन दिलं. मी भिंग सरांच्या सूचनेखाली लिहिलं: 'हे प्रकरण यापुढे नववीच्या पहिल्या सत्रात, दुसऱ्या आठवड्यात घेतले जाईल.' सही केली, वही मिटली आणि तिच्याकडे सरकवली.

धाकटीने वही उघडली. एकेक शब्द वाचला. मग मी आजवर हजारो मुलांकडे वह्या परत सरकवल्या असतील, तशीच ती माझ्याकडे परत सरकवली.

"तारीख राहिली, ताई."