झोपेचा ठपका

“हालू नका न,” रमा म्हणाली. “एवढा मोठा माणूस, अन् लेकरावानी तोंड फिरवते.”

शामसुंदर लांजेवार खिडकीखाली पाटावर मान वर करून बसला होता. रमाने पांढरी चिकटपट्टी दाताने तोडली, नवऱ्याची डावी पापणी अंगठ्याने उचलली आणि भुवईखाली चिकटवून टाकली. दवाखान्यात जखमेवरचा कापूस धरून ठेवायला लावतात, तीच पट्टी. भिलाईच्या कोहका भागातल्या औषधाच्या दुकानात मिळते. दुकानदाराला वाटे, यांच्या घरात कोणी कायमचं आजारी आहे.

आजारी कोणी नव्हतं. सहा वर्षांपूर्वी शामसुंदर ट्रेलर चालवायचा. एकदा ताडपत्री आवळताना दोराचा हूक सुटला आणि भुवईवर बसला. आठ टाके पडले. नजर शाबूत राहिली, पण पापणी अर्ध्यावर येऊन लटकली ती लटकलीच. लायसन्सच्या डॉक्टरने दोनदा तपासून लिहून दिलं, दिसायला काही अडचण नाही. पुढची सहा वर्षं त्याने त्या डोळ्यानिशी गाडी हाकली आणि कोणाला धक्का म्हणून लागला नाही.

पण हे सगळं माणसांना कळत होतं. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या मालकाने, दुर्गच्या ट्रॅव्हल्सवाल्याने, सगळ्या गाड्यांत एक यंत्र बसवलं. बिस्किटाच्या पुड्याएवढं, स्टेअरिंगच्या वर, ड्रायव्हरच्या तोंडाकडे डोळा लावून. पापणी खाली दिसली की आतली बाई गोड आवाजात सांगायची, “आपको नींद आ रही है. कृपया विश्राम करें.” आणि तेवढ्यात ऑफिसात नोंद व्हायची. महिन्यात पाच नोंदी झाल्या की ड्युटीच्या यादीतून नाव आपोआप उडायचं. शामसुंदरने मॅनेजरला आपला डोळा दाखवला, डॉक्टरचा कागद दाखवला. मॅनेजर म्हणाला, “मैं क्या करूँ, सिस्टम है.” चांगला सहा फुटी माणूस, पण यंत्रापुढे त्याचा कणा पाण्यासारखा.

तेव्हापासून ही पट्टी. तरीही घामाने सुटायचीच. आज महिन्याची एकोणीस तारीख होती आणि चार नोंदी झाल्या होत्या.

“आज कोन हाय गाडीत?” रमाने विचारलं.

“युरोपचा खासदार हाय म्हने. रायपूरच्या एअरपोर्टहून आनाचा, रसमड्याले न्याचा, संध्याकाळी परत सोडाचा.”

“खासदार तं आपलाबी हाय. थो कदी दिसते काय?”

“म्हनून तं बाहेरून मागवला.”

रमा हसली नाही. पट्टीवरून तिने पुन्हा एकदा अंगठा फिरवला. “हे नोकरी गेली तं या वयात कोन ठेवनार हाय तुमाले? आज घाम येऊ देऊ नका, बस.”

मे महिन्यात, भिलाईत.

खासदार गुलाबी होता. पांढरा सदरा, साधे बूट, आणि साऱ्या जगाची काळजी वाहणाऱ्या माणसाची एक ठेवणीतली सुरकुती कपाळावर. त्याचं नाव शामसुंदरच्या जिभेवर बसलं नाही आणि त्यानेही ते बसवायचा खटाटोप केला नाही. खासदार पुरे होतं. त्याच्याबरोबर दोघं होती. उद्योजकांच्या संघाचा जनसंपर्क सांभाळणारा अनिमेष, जो पाहुण्याच्या प्रत्येक वाक्यावर वाक्य संपायच्या आत मान डोलवायचा. आणि दुभाषी म्हणून आणलेली स्वानंदी. ती वैशाली नगरची, दुर्गच्या जुन्या मराठी घरातली. खासदार मागे बसला, स्वानंदी ड्रायव्हरशेजारी. अनिमेष भेटवस्तूंची खोकी घेऊन दुसऱ्या गाडीत मागून निघाला.

गाडीतली ड्रायव्हरच्या नावाची पाटी वाचून स्वानंदीने विचारलं, “काका, लांजेवार म्हणजे भंडाऱ्याकडचे ना? आणि डोळ्याला काय झालं?”

शामसुंदरने सांगितलं. यंत्राचंही सांगितलं.

“ये तो गजब है,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही जागे आहात हे सिद्ध करायला डोळ्याला चिकटपट्टी?”

“मी जागाच हाय, बेटा. तिले पटत नाई.”

रसमड्याच्या कारखानदारांच्या सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं साठ. पाहुण्याला रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून अनिमेषने ड्रायव्हर, माळी, पहारेकरी सगळे आत हाकलले. शामसुंदरला मागच्या ओळीत पंख्याखाली जागा मिळाली. एरवी युरोपच्या खासदाराचे विचार त्याच्या कानावर कशाला पडले असते?

आणि विचार भरपूर होते. त्याच्या तोंडावर सीमाशुल्क थोडंच होतं. आधी व्यापार. तुमचं लोखंड आम्ही आनंदाने घेऊ, पण ते करताना किती धूर सोडला ते मोजून सांगा, नाहीतर आमच्या वेशीवर कर भरा. कारखानदारांचे चेहरे पडले. खासदाराच्या मुलखाने पिढ्यान् पिढ्या आभाळात जो धूर सोडला, त्याचं मोजमाप त्याने बरोबर आणलेलं दिसत नव्हतं. मग मानवाधिकार. लोखंडाच्या प्रत्येक सळीवर एका कामगाराचा हात असतो, असं तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते इतकं आवडलं की दोनदा म्हणाला. त्याच्यासमोरचा रिकामा ग्लास एका हाताने तीनदा भरून ठेवला. त्या हाताच्या मालकिणीकडे त्याची मान एकदाही वळली नाही.

मग तो नव्या तंत्रज्ञानावर आला, आणि मागच्या ओळीत शामसुंदर सावरून बसला.

“कामाच्या जागी माणसाचा चेहरा वाचून त्याच्या मनात काय आहे हे ठरवायचा अधिकार कोणत्याही यंत्राला नाही,” खासदार म्हणत होता आणि स्वानंदी माइकवर हिंदीत सांगत होती. “आम्ही तसा कायदा केला. त्यासाठी मी तीन वर्षं भांडलो. माणूस यंत्रापुढे आरोपी म्हणून उभा राहता कामा नये.”

स्वानंदीचा आवाज जरासा अडखळला. तिने मागच्या ओळीकडे पाहिलं. शामसुंदरचे दोन्ही डोळे उघडे होते, एक आपणहून आणि एक पट्टीने.

परतीच्या वाटेवर, दुर्ग मागे पडल्यावर त्याने विचारलं, “बेटा, साहेबाले माझं सांगशीन काय? थे म्हनत होते तसा कायदा. एखादी चिठ्ठी देली त्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याले, तं थो आयकन. गोऱ्या मानसाचं आयकते थो.”

“सांगते ना. का नाही सांगणार?”

तिने सांगितलं. खासदार पुढे वाकला. यंत्रावरचं लहान अक्षर त्याने चष्मा चढवून वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला, परदेशात घराशेजारचा माणूस भेटावा तसा.

“हे आमच्याकडचंच आहे,” त्याने स्वानंदीला सांगितलं. “माझ्या मतदारसंघाला लागून एक गाव आहे, तिथे बनतं. उत्तम कंपनी.”

“पण तुम्ही तर म्हणालात की—”

“ते भावना वाचणाऱ्या यंत्रांबद्दल. हे फक्त थकवा पाहतं. सुरक्षेसाठी कायद्यात सूट ठेवली आहे. आणि कायदा आमच्या हद्दीत लागू. बाहेर काय विकायचं, तो व्यापाराचा विषय. तो दुसऱ्या समितीकडे जातो.”

स्वानंदीने हे सगळं मराठीत करून सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते, जणू ते तिनेच म्हटलं होतं.

“मंग ह्या समितीत थे कावून बोलून राहिले होते इतकं?” शामसुंदर म्हणाला. “हे विचारू नको. चिठ्ठीचं विचार.”

चिठ्ठीला खासदाराची हरकत नव्हती. उलट त्याला आता यात रस वाटू लागला होता. असं उदाहरण त्याला तीन वर्षांत मिळालं नव्हतं, तो म्हणाला. एका गरीब देशातला चालक, जखमी डोळा, त्याच्यासमोर यंत्र. कंपनीला तो नक्की लिहील, संसदेतही दाखवील. फक्त एक फोटो हवा. पट्टी काढून. आणि यंत्राचा लाल दिवा लागलेला असताना.

चरोद्याच्या पुढे शामसुंदरने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं की यंत्र बंद, आणि दिवाही बंद. म्हणजे ते चालूच ठेवावं लागणार होतं.

“त्यांले सांग, हे पाचवी होईन. पाचवीले नाव कटते.”

स्वानंदीने सांगितलं. खासदाराने छातीवर हात ठेवला. ही नोंद मीच करायला लावली, असं तो पत्रात स्पष्ट लिहील. त्याचा शब्द.

“काका,” स्वानंदी हळूच म्हणाली, “माझं ऐकाल तर नका काढू.”

शामसुंदरचं बोट पट्टीच्या टोकावर गेलं. चार नोंदींचा माणूस बारा दिवस अजून कसे काढणार होता? आज नाहीतर परवा घाम येणारच होता. आणि इतका मोठा माणूस, सगळ्यांदेखत माइकवर बोललेला. शामसुंदर आयुष्यभर माइकवरून फसत आला होता, तरी माइकवरचा विश्वास काही त्याचा सुटला नव्हता. त्याने पट्टी ओढली. पापणी खाली आली.

“आपको नींद आ रही है,” यंत्रातली बाई म्हणाली. “कृपया विश्राम करें.”

खासदाराने फोटो काढला. पाहिला. दिवा नीट आला नव्हता. त्याने एक बोट वर केलं, अजून एक.

“आपको नींद आ रही है.”

दुसरा फोटो छान आला.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. घामेजलेली पट्टी आता चिकटेना. कुम्हारीपर्यंत बाई आणखी एकदा बोलली. तेवढ्यात आरशात शामसुंदरला दिसलं की खासदार फोटो पाहत नाहीये. तो आरशातून त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहत होता. मग त्याने मागे वळून अनिमेषची गाडी कुठे आहे ते पाहिलं. मग पट्टा आवळून घेतला. मग पुढे वाकून, आवाज उतरवून स्वानंदीशी काहीतरी बोलला.

स्वानंदी ताडकन वळली. दोन मिनिटं दोघांचं इंग्रजीत चाललं होतं. तिचा आवाज चढत होता, त्याचा तितकाच मऊ होत होता. असली माणसं तत्त्वासाठी भांडताना ओरडतात आणि तत्त्व सोडताना कुजबुजतात.

“काय म्हनते?”

“काही नाही, काका.”

“सांग ना. गाडी बदलाची म्हनते काय?”

ती म्हणाली, “म्हणतात, तत्त्व वेगळं आणि प्रवास वेगळा. घरी बायको-मुलं आहेत.”

“मले बी हायेत,” शामसुंदर म्हणाला. त्याने इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि गाडी हळू कडेला घेतली.

अनिमेष धावत आला. “क्या हुआ लांजेवार जी, सो गए थे क्या? इज्जत का सवाल है यार.” शामसुंदरने डिकी उघडली, खासदाराची बॅग स्वतः उचलली आणि मागच्या गाडीत आडवी, नीट बसवून ठेवली. खासदाराने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ हलवला.

“तुमच्या धैर्याला सलाम म्हणतात,” स्वानंदी म्हणाली. “मी त्यांच्या मागे लागीन, काका. पत्रासाठी.”

“जा तू. तुयं काम हाय. चिठ्ठी-पत्रीच्या भानगडीत आता पडू नको.”

ती गाडी रायपूरकडे गेली. शामसुंदर पुलाखालून वळसा घेऊन भिलाईच्या बाजूला लागला, तोच फोन वाजला. कडेला थांबून त्याने उचलला. दुर्गचा मॅनेजर होता.

“सात आ गया तेरा. गाड़ी लगा के चाबी दे देना.”

“साहब, दो तो फोटो के थे.”

“सिस्टम में फोटो का कॉलम नहीं है, लांजेवार.”

“ठीक है,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चरोद्याजवळ रस्त्यावर गिट्टी सांडली होती. समोर एक बाई मोपेडवर चालली होती, पायाशी भाजीची पिशवी, पुढ्यात उभी चार-पाच वर्षांची पोर. मोपेडचं चाक गिट्टीवर सरकण्याच्या आधीच, नुसतं डगमगलं तेव्हा, शामसुंदरचा पाय ब्रेकवर गेला होता. मोपेड आडवी झाली. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. “तेज़ ब्रेक,” यंत्रातली बाई म्हणाली आणि तीही नोंद करून टाकली.

तो उतरला. बाईचं कोपर खरचटलं होतं, पोरीला काही लागलं नव्हतं. रस्ताभर वांगी पसरली होती. त्याने मोपेड उभी करून दिली. पोर त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

“कका,” ती म्हणाली, “तोर एक ठन आँखी सुत गे हे.” तिच्या छत्तीसगढी बोलीत त्याचा एक डोळा झोपून गेला होता.

“हव, नोनी,” शामसुंदर म्हणाला. “दूसर ह जागत हे.”

मागे ट्रेलरवाल्यांनी हॉर्न लावले. बाई घाईघाईने वांगी गोळा करू लागली.

“आराम से,” तो तिला म्हणाला, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभा राहिला. शेवटचं वांगं पिशवीत पडेपर्यंत त्याने तो हात खाली घेतला नाही.