वनमालाबाईंच्या पायातली प्लेट

समता कॉलनीतल्या शिशिरला पहिली मुलगी झाली ते साल २०२३. त्याच साली मी त्याच्या आईच्या पायात गेले. मित्रांनो, मी मोडलेल्या हाडाला लावायची स्टीलची प्लेट आहे. लांबी वीतभरही नाही, एक टोक रुंद, अंगभर भोकं. कारखान्यात मला कापलं, वाकवलं, घासून चकचकीत केलं. माणसाला पुन्हा चालतं करायचं, एवढंच माझं काम.

शिशिरची आई वनमालाबाई. नातीच्या बारशाचं कापड घ्यायला त्या पंडरीच्या कापडबाजारात गेल्या आणि दुकानाच्या पायरीवरून पडल्या. गुडघ्याखालीच हाड फुटलं. डॉक्टरांनी तुकडे जुळवून वर मला बसवलं, स्क्रूंनी आवळलं. एक्स-रे पाहून ते शिशिरला म्हणाले, "हाड छान बसलंय. मी सांगेपर्यंत पाय टेकायचा नाही. पोटरी सुजली तर लगेच घेऊन या."

घरी येताच वनमालाबाईंनी सांगून टाकलं, "नातीले मीच उभी राहून पाळण्यात घालीन. तोवर बारसं नाही."

सून बाळंतीण, सासू खाटेवर. म्हणून नागपूरहून वनमालाबाईंच्या मोठ्या नणंदबाई, शांताबाई आल्या. रोज सकाळी कोमट तेलाने त्या आधी बाळाला चोळत, मग बाळंतिणीला. हाताला गुण होता. सगळे तसं म्हणत.

एका सकाळी वनमालाबाईंची पोटरी टम्म फुगली. आजूबाजूचं मांस मला गरम लागत होतं.

"काहून एवढी सुजली, ताई?"

"पडून पडून रक्त थिजलं तुयं. आण इकडे. पोट्टीले चोळतो, तं तिच्या आजीले सोडतो काय?"

शिशिर दारातून म्हणाला, "आत्या, डॉक्टर बोलले होते..."

"डॉक्टर येते काय रे चोळाले? बारसं पाहिजे ना तुले?"

वनमालाबाई हसल्या. "चोळा ताई. मले लवकर उभं रायचं हाय."

शिशिर कामावर निघून गेला.

शांताबाईंनी मन लावून चोळलं. "आता हलकं वाटून राहिलं," वनमालाबाई म्हणाल्या, आणि एकदम त्यांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. मी जिथे होते तिथेच होते. एक स्क्रू सैल नाही, हाड जागचं हललं नाही, आणि बाई गेल्या! असं कसं झालं? मला अजून पटत नाही.

दवाखान्यात कळलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. चोळल्यावर ती सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. शांताबाई आपल्या तेलकट हातांकडे बघत राहिल्या.

"मी तं तिले बरं करून राहिली होती रे, शिशिर."



राख सावडताना मी सापडले. काळी पडले होते, पण वाकले नव्हते. शिशिरने मला उचललं आणि चटका बसल्यासारखं खाली ठेवलं. मी तर केव्हाच गार झाले होते.

मित्रांनो, पाय मोडलेल्या माणसाची पोटरी सुजली, तर तेलाची वाटी दूर ठेवा. हात कितीही मायेचा असू द्या, चोळू नका. तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या.

नातीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. वनमालाबाई वारल्या, सोमवारी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, नवरात्रातल्या दुसऱ्या माळेच्या दिवशी.